वाचक विचारतात : प्रकाशाच्या स्पंदाने रेणू कसा उसवतो?

मागील अंकात लेसरच्या अतिलघु स्पंदांवर एक लहान टिपण आम्ही छापले होते. ‘तीव्र लेसर स्पंदाने हायड्रोजन, नायट्रोजन, पाणी यांसारख्या लहान रेणूंचे तुकडे होतात’ हे एकच वाक्य त्यात या विषयावर होते. पण त्या वाक्याने बऱ्याच वाचकांना लिहायला लावले. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. इंदूरच्या वाचकाला हा विषय परका वाटू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. राजेंद्रनगरच्या पुढे सुखनिवासला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र उभे आहे. १९८४ साली पायाभरणी झालेल्या या संस्थेला २००५ साली रामण्णांचे नाव मिळाले, तरी शहर तिला अजून ‘कॅट’ म्हणूनच ओळखते. टायटॅनियम-सॅफायर स्फटिकावर चालणारा १५० टेरावॅटचा (एक टेरावॅट म्हणजे एक लाख कोटी वॅट) लेसर तेथे आहे. खाली ज्या लेसरची चर्चा आहे तो याच घराण्यातला, आकाराने व शक्तीने पुष्कळ लहान, एका मोठ्या टेबलावर मावणारा असतो.

प्रश्न : नायट्रोजनचा त्रिबंध तोडायला सुमारे ९.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, असे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवले. आपल्या टिपणातील लेसरची तरंगलांबी ८०० नॅनोमीटर, म्हणजे एका फोटॉनची, प्रकाशाच्या एका कणाची, ऊर्जा १.५५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. शिवाय नायट्रोजन हा प्रकाश शोषतच नाही. मग बंध तुटतो कसा? वायू तापून तुटतो म्हणावे, तर एवढ्या अल्प काळात तो तापणार कसा?
— रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, राजेंद्रनगर

उत्तर : सर, आपले तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि उष्णतेविषयीची शंकाही योग्य आहे. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक हजार लाख कोटी भागांपैकी एक भाग. आपण ज्या स्पंदांविषयी बोलत आहोत ते साधारण ३० फेम्टोसेकंदांचे असतात. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ९ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी अंतर जातो. तापमान ही पुष्कळ रेणूंनी आपसांत टकरा घेऊन ऊर्जा वाटून घेतल्यावर ठरणारी गोष्ट आहे, आणि आपल्या भोवतीच्या हवेतसुद्धा एका रेणूच्या दोन टकरांमध्ये एक लाखाहून अधिक फेम्टोसेकंद जातात. स्पंद येऊन निघून जाईपर्यंत रेणूची शेजाऱ्याशी गाठही पडत नाही. म्हणून येथे जे घडते ते एकट्या रेणूच्या पोटात घडते, आणि त्याला तापणे म्हणता येणार नाही.

आता ऊर्जेचा हिशोब पाहू. अशा एका स्पंदात १ मिलिज्यूल ऊर्जा असते असे धरा. तांदळाचा एक दाणा पाच मीटर उंचीच्या गच्चीवर उचलून ठेवायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. परंतु ती ३० फेम्टोसेकंदांत येत असल्यामुळे त्या क्षणापुरती शक्ती सुमारे ३,३०० कोटी वॅट भरते. तो झोत भिंगाने किंवा अंतर्गोल आरशाने ५० मायक्रोमीटर व्यासाच्या ठिपक्यावर आणला की तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १,७०० लाख कोटी वॅट होते. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा एक दशांश वॅट असतो. मंद प्रकाशात रेणूला एका वेळी एकच फोटॉन भेटतो आणि तो पुरेसा नसेल तर तसाच निघून जातो. आपले सारे शालेय प्रकाशरसायन या गृहीतावर उभे आहे. इतक्या दाट प्रकाशात मात्र रेणू एकाच क्षणी अनेक फोटॉन मिळून शोषू शकतो. दोन फोटॉन एकदम शोषले जाण्याची शक्यता मारिया गेपर्ट-मायर यांनी लेसर जन्मण्याच्या कितीतरी आधी, १९३१ साली, कागदावर मांडली होती. नायट्रोजनमधून एक इलेक्ट्रॉन काढायला १५.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणजे या लेसरचे निदान अकरा फोटॉन.

फोटॉन मोजण्याची ही भाषा बरोबर असली तरी या तीव्रतेला मला दुसरी भाषा अधिक जवळची वाटते, आणि आपल्या प्रश्नाचे खरे उत्तरही तिच्यातच आहे. प्रकाश म्हणजे दिशा बदलत राहणारे विद्युत क्षेत्र. ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशात त्याचे एक आवर्तन २.७ फेम्टोसेकंदांत पूर्ण होते, म्हणजे आपल्या स्पंदात अशी दहा-अकरा आवर्तने बसतात. तीव्रता १०० लाख कोटी वॅट असताना हे क्षेत्र दर सेंटिमीटरला सुमारे २७ कोटी व्होल्ट असते. कोरड्या हवेत ठिणगी पाडायला दर सेंटिमीटरला तीस हजार व्होल्ट पुरतात. रेणूच्या मापात बोलायचे तर दर अँगस्ट्रॉमला (सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाला) २.७ व्होल्ट. हायड्रोजन अणूत केंद्रक आपल्या इलेक्ट्रॉनला ज्या क्षेत्राने धरून ठेवते ते दर अँगस्ट्रॉमला सुमारे ५१ व्होल्ट आहे. म्हणजे बाहेरचा हात आतल्या हाताच्या तोडीचा अजून झालेला नाही, परंतु त्याचा ओढा दुर्लक्ष करण्याजोगाही राहिलेला नाही.

इलेक्ट्रॉन एखाद्या वाटीच्या तळाशी बसला आहे अशी कल्पना करा. बाहेरचे क्षेत्र ती वाटी एका बाजूला कलती करते, त्या बाजूची कड खाली येते आणि पातळही होते. पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) नियमाप्रमाणे इलेक्ट्रॉन अशा पातळ कडेतून आरपार निघून जाऊ शकतो. यालाच टनेलिंग म्हणतात. सव्वा फेम्टोसेकंदाने क्षेत्र उलटते आणि वाटी दुसऱ्या बाजूला कलते. तीव्रता आणखी वाढून नायट्रोजनच्या बाबतीत २४० लाख कोटी वॅटच्या आसपास पोहोचली, की कड इतकी खाली येते की इलेक्ट्रॉनला आत ठेवणारे काही उरतच नाही. अनेक फोटॉनांची भाषा कोठे संपते आणि कलत्या वाटीची भाषा कोठे सुरू होते, याचा निकष केल्डिश या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञाने १९६४ साली दिला, आणि तो आजही वापरात आहे.

आपल्या त्रिबंधाकडे आता पुन्हा येऊ. बंध म्हणजे दोन केंद्रकांच्या मध्ये वावरणारे इलेक्ट्रॉन. कापडाचे दोन तुकडे टाक्यांनी जोडलेले असावेत तसे. आपण विद्यार्थ्यांना जी ९.८ इलेक्ट्रॉनव्होल्टची संख्या शिकवली, ती टाके शाबूत असलेले कापड दोन्हीकडून ओढून फाडण्याची किंमत आहे. लेसरचे क्षेत्र कापड ओढत नाही, ते टाके काढते. इलेक्ट्रॉन हलका आहे आणि क्षेत्राला तत्काळ प्रतिसाद देतो. हायड्रोजनचे केंद्रकसुद्धा त्याच्या १,८३६ पट जड, नायट्रोजनचे तर त्याहूनही चौदापट. म्हणून प्रथम इलेक्ट्रॉन जातात, केंद्रके जवळजवळ आहेत त्याच जागी राहतात, आणि मग त्यांच्या ध्यानात येते म्हणावे तसे, की आपल्याला जोडणारे कोणी उरलेले नाही. ‘रेणू फुटतो’ या शब्दप्रयोगापेक्षा ‘रेणू उसवतो’ हा मला म्हणूनच अधिक खरा वाटतो, निदान पहिल्या अंकापुरता तरी.

एक टाका गेल्याने कापड सुटेलच असे नाही, हे येथे सांगितले पाहिजे. एक इलेक्ट्रॉन गमावलेला नायट्रोजन चांगलाच टिकाऊ असतो. दोन गमावल्यावरसुद्धा काही रेणू थोडा काळ तग धरतात. हायड्रोजनचे तसे नाही. त्याच्याजवळ दोनच इलेक्ट्रॉन, त्यांतील एक गेला की उरलेल्या आयनाची, म्हणजे प्रभारित रेणूची, बंधऊर्जा ४.५ वरून २.६५ इलेक्ट्रॉनव्होल्टवर येते आणि बंधाची नैसर्गिक लांबी ०.७४ वरून १.०६ अँगस्ट्रॉमवर जाते. केंद्रके अजून जुन्याच अंतरावर असल्यामुळे हा आयन जन्मतःच दाबलेल्या स्प्रिंगसारखा कंप पावू लागतो. त्याच वेळी स्पंदाचे क्षेत्र त्याच्या जोडणाऱ्या आणि तोडणाऱ्या अशा दोन्ही इलेक्ट्रॉन-अवस्था एकमेकींत मिसळते, आणि त्यामुळे बंधाला अडवून धरणारी भिंत ठेंगणी होते. या क्रियेला ‘बंध मऊ होणे’ असे म्हणतात आणि १९९० च्या सुमारास ती प्रयोगांत स्पष्ट दिसली. येथे एकाच फोटॉनची ऊर्जाही पुष्कळदा पुरते, कारण कंप पावणारा आयन अर्धी वाट आधीच चढून गेलेला असतो.

मात्र दोन्ही इलेक्ट्रॉन गेले तर उरतात ते दोन धनप्रभार, शेजारी शेजारी, मध्ये काहीही नसलेले. त्यांच्यातील प्रतिकर्षणाची ऊर्जा काढणे सोपे आहे : १४.४ ला अँगस्ट्रॉममधील अंतराने भागायचे, उत्तर इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मिळते. हायड्रोजनच्या ०.७४ अँगस्ट्रॉमला ही ऊर्जा साडेएकोणीस होते. ती दोन प्रोटॉनांत सारखी वाटली गेली तर प्रत्येकाचा वेग सेकंदाला ४३ किलोमीटर. त्या वेगाने इंदूरहून निघालेला प्रोटॉन एका सेकंदात देवास गाठेल. यालाच कूलोम स्फोट म्हणतात, आणि येथे मात्र स्फोट हाच शब्द योग्य आहे. ही ऊर्जा शेवटी लेसरकडूनच आलेली असते, परंतु ती थेट बंधाला दिलेली नसते. इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यासाठी खर्च झालेली ऊर्जा मागे राहिलेल्या प्रभारांच्या रूपाने रेणूतच साठते आणि मग एकदम मोकळी होते.

आणि आता यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. प्रयोगात तुकड्यांची ऊर्जा मोजली, की ती या हिशोबापेक्षा कमी भरते. अनेक प्रयोगशाळांत, अनेक रेणूंवर, वर्षानुवर्षे असेच दिसत आले. ऊर्जा कमी म्हणजे स्फोटाच्या वेळचे अंतर जास्त : प्रभार सुटे झाले तेव्हा बंध आधीच ताणलेला होता. मग रेणू ताणलेल्या स्थितीतच शेवटचा इलेक्ट्रॉन का सोडतो? याचे स्पष्टीकरण १९९५ साली कॅनडातील दोन संशोधक-गटांनी दिले. केंद्रके एकमेकांपासून थोडी दूर गेली, की एका वाटीच्या दोन वाट्या होतात आणि मध्ये उंचवटा तयार होतो. बाहेरचे क्षेत्र एक वाटी वर उचलते आणि दुसरी खाली नेते. वरच्या वाटीत अडकलेल्या इलेक्ट्रॉनला आता फक्त तो मधला उंचवटा ओलांडायचा असतो, कारण पलीकडची बाहेरची कड क्षेत्राने आधीच खाली आणलेली असते. अंतर लहान असताना इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांत मोकळा फिरतो आणि वर अडकत नाही. अंतर फार वाढले तर मधला उंचवटाच ओलांडता येत नाही. या दोहोंच्या मध्ये, मूळ लांबीच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून काहीसे पुढे, असे एक अंतर असते की तेथे इलेक्ट्रॉन सर्वांत सहज निसटतो. रेणू ताणत ताणत त्या अंतरावर येतो आणि तेथे फुटतो. स्पंद दहा फेम्टोसेकंदांहून लहान केला तर जड केंद्रकांना तेथवर पोहोचायला वेळच मिळत नाही, आणि मोजलेली ऊर्जा साध्या हिशोबाच्या बरीच जवळ येते. या स्पष्टीकरणाची याहून चांगली कसोटी दुसरी कोणती असणार?

बाहेर पडलेला इलेक्ट्रॉनही नेहमी कायमचा जात नाही. क्षेत्र उलटले की तो परत आपल्याच रेणूवर येऊन आदळू शकतो, आणि १०० लाख कोटी वॅटच्या तीव्रतेला त्याची ऊर्जा १९ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत असू शकते; तीव्रता वाढली की ती आणखी एक टाका काढायलाही पुरू शकते. पॉल कॉर्कम यांनी १९९३ साली मांडलेले हे चित्रच पुढे अॅटोसेकंद (फेम्टोसेकंदाचा हजारावा भाग) प्रकाशाच्या समजुतीचा पाया झाले, ज्या क्षेत्रासाठी २०२३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल आगोस्तिनी, क्राउस आणि ल’विलिए यांना मिळाले.

एक गोष्ट राहिली : एवढी तीव्रता असलेला स्पंद स्वतःच्या लेसरचे स्फटिक कसे फोडत नाही? पूर्वी फोडत असे. डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५ साली त्यावर तोड काढली. लहान स्पंद प्रथम हजारो पट लांबवून पातळ करायचा, त्या रूपात त्याची ऊर्जा वाढवायची, आणि शेवटी काचेवर आखलेल्या सूक्ष्म रेघांच्या जाळ्यांवरून परावर्तित करून तो पुन्हा आखूड करायचा. २०१८ च्या नोबेलचा अर्धा वाटा या युक्तीला मिळाला. ही नसती तर आजच्या प्रश्नोत्तरातला एकही प्रयोग टेबलावर करता आला नसता.

प्रश्न : रेणू फोडून टाकल्यावर त्याच्याविषयी काय कळणार? आरशाचे तुकडे पाहून आरसा गोल होता की चौकोनी ते सांगता येत नाही. शिवाय हवेत कोट्यवधी रेणू असतात. कोणता तुकडा कोणाचा हे कसे ओळखतात?
— बी. एस्‌सी. च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, लोकमान्यनगर

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग सुटला की पहिला आपोआप सुटतो, म्हणून तेथून सुरुवात करते.

मंगळागौरीला अंगणात फुगडीच्या वीस जोड्या गरगरत आहेत आणि सगळ्यांचे हात एकाच क्षणी सुटले, तर कोण कोणाची जोडीदार होती हे सांगता येणार नाही. अंगणात एकच जोडी असेल तर शंकेला जागाच नाही. शिवाय त्या दोघी एकमेकींच्या बरोबर विरुद्ध दिशांना फेकल्या जातील. प्रयोगातही अंगण असेच मोकळे ठेवतात. पोलादी पात्रातली हवा काढून अतिशय उच्च प्रतीचे निर्वात निर्माण करतात आणि त्यात रेणूंची इतकी विरळ धार सोडतात की एका स्पंदामागे सरासरीने एकाहूनही कमी रेणू फुटावा. दहा स्पंदांमागे एक, असेही प्रमाण ठेवतात. सेकंदाला हजार स्पंद आणि त्यांतून शंभर घटना, असे दहा तास चालले म्हणजे ३६ लाख रेणूंची नोंद होते. कामाला धीर लागतो तो येथे.

फुटलेल्या आयनांना एक मंद विद्युत क्षेत्र शोधकाकडे नेते. हलका आयन लवकर पोहोचतो, जड उशिरा. पोहोचण्याच्या वेळेवरून वस्तुमान आणि प्रभार यांचे गुणोत्तर कळते. शोधकावर तो कोठे आदळला यावरून तो स्फोटाच्या वेळी कोणत्या बाजूला आणि किती वेगाने निघाला होता हे कळते. वेळ आणि जागा मिळाली की संवेगाचे तिन्ही घटक हाती येतात. मग सर्व तुकड्यांच्या संवेगांची बेरीज करून पाहतात. ती शून्याजवळ आली तर तुकडे एकाच रेणूचे, नाही आली तर ती नोंद बाजूला काढायची. जेथे रेणू इतके विरळ ठेवणे शक्य नसते तेथे हजारो स्पंदांच्या नोंदींतून कोणते तुकडे नेहमी बरोबरीने वाढतात व घटतात हे सांख्यिकीने शोधतात. ही रीत फ्रासिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवली. भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तीव्र लेसर क्षेत्रातील रेणूंवरचे काम नव्वदच्या दशकापासून चालू आहे.

आता तुमचा आरसा. आरशाचे तुकडे कोणत्या दिशेला गेले ते हातोडा कोठे बसला यावर ठरते, म्हणून त्यांतून आकार कळत नाही. कूलोम स्फोटात तुकड्यांची दिशा अणूंची रेणूतील जागा ठरवते, कारण प्रत्येक अणू आपल्या शेजाऱ्यांनीच ढकललेला असतो. इलेक्ट्रॉन पुरेशा वेगाने काढून घेतले तर कार्बन डायऑक्साइडसारख्या सरळ रेणूतील दोन ऑक्सिजन समोरासमोर निघतात, आणि पाण्यासारख्या वाकड्या रेणूतील दोन हायड्रोजन कोनात निघतात. याचे सर्वांत सुंदर उदाहरण २०१३ सालचे आहे. एका कार्बनला हायड्रोजन, फ्लोरीन, क्लोरीन आणि ब्रोमीन असे चार वेगवेगळे अणू जोडलेला रेणू दोन रूपांत असतो. डाव्या आणि उजव्या हातासारखी ती एकमेकांची प्रतिबिंबे असतात. जर्मनीतील संशोधकांनी असा एकेक रेणू पाच आयनांत फोडला आणि त्यांच्या दिशांवरून तो डावा होता की उजवा हे थेट वाचले. तुम्ही रसायनशास्त्र घेतले असेल, तर ही गोष्ट एरवी किती आडवळणाने ठरवावी लागते हे तुम्हाला माहीत असेलच.

दोन स्पंद वापरले तर चालती क्रियाही दिसते. पहिला स्पंद रेणूत हालचाल सुरू करतो, दुसरा ठरावीक विलंबाने येऊन त्याला फोडतो आणि त्या क्षणाचा आकार सांगतो. विलंब घड्याळाने मोजत नाहीत. आरसा एक मायक्रोमीटर मागे सरकवला की प्रकाशाची वाट जाऊन-येऊन दोन मायक्रोमीटरने वाढते आणि ६.७ फेम्टोसेकंदांचा विलंब मिळतो. फेम्टोसेकंद स्पंदांच्या जोडीने रासायनिक क्रिया पाहण्याच्या कामासाठी अहमद झेवैल यांना १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते. या मार्गाने मिथेनॉलमध्ये एक अनपेक्षित गोष्ट आढळली. त्याचे दोन इलेक्ट्रॉन काढले की कधीकधी तीन हायड्रोजनचा आयन बाहेर पडतो. हा आयन जे. जे. थॉमसन यांना १९११ सालीच सापडला होता, पण मिथेनॉलमधून तो येतो कसा? तर दोन हायड्रोजन प्रथम रेणू बनून सुटतात, दूर न जाता उरलेल्या तुकड्याभोवती क्षणभर घुटमळतात, त्याच्याकडून एक प्रोटॉन घेतात आणि मग निघतात. स्फोट इतका नीट पाहिला नसता, तर हे घुटमळणे कोणाच्या ध्यानात आले नसते.

प्रश्न : माझ्या मुलीच्या चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी फेम्टोसेकंद लेसर वापरणार असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तुमचे टिपण वाचून काळजी वाटली. डोळ्यातले रेणूही असेच फुटतात का?
— एक आई, सुदामानगर

उत्तर : होय, फुटतात, आणि उपचार त्यावरच आधारलेला आहे; परंतु ते ठरवलेल्या पातळ पडद्यापुरतेच फुटतात. शस्त्रक्रिया करावी की नाही हे डॉक्टरांनी तपासून सांगायचे आहे, मी केवळ यातले भौतिकशास्त्र सांगू शकते. या लेसरचा अवरक्त प्रकाश पारपटलातून, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातून, काहीही न करता जातो. तो जेथे काही मायक्रोमीटरच्या ठिपक्यावर एकवटतो, तेथेच तीव्रता इतकी वाढते की इलेक्ट्रॉन सुटतात. वायूत रेणू एकटा असतो, येथे शेजारी खेटून असतात. म्हणून सुटलेले इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात आणि एक सूक्ष्म बुडबुडा तयार होतो. असे बुडबुडे शेजारी शेजारी ओळीने पाडून सुमारे अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पारपटलात एक थर अलग करतात. स्पंदाची ऊर्जा मायक्रोज्यूलच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, आणि स्पंद अल्प असल्याने उष्णता आजूबाजूला फारशी पसरत नाही.

पुष्कळदा यानंतर आकार देण्यासाठी जो दुसरा लेसर वापरतात तो १९३ नॅनोमीटरचा असतो. त्याचा एकच फोटॉन ६.४ इलेक्ट्रॉनव्होल्टचा असल्यामुळे तो पेशीजालातील बंध एकेकट्याने तोडू शकतो. वरच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकवलेला नियम तेथे जसाच्या तसा लागू पडतो. एकाच शस्त्रक्रियेत बंध तोडण्याच्या दोन्ही रीती वापरल्या जातात, ही गोष्ट त्यांनाही आवडेल.

प्रश्न : मी पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात काम करतो. लेसरने रेणूतला हवा तोच बंध तोडता आला, तर कितीतरी उत्प्रेरके आणि द्रावके वाचतील. असे करता येईल का?
— एक वाचक, महू

उत्तर : लेसर आला तेव्हापासून रसायनशास्त्रज्ञांचे हेच स्वप्न आहे. सुरुवातीची कल्पना सरळ होती : प्रत्येक बंधाची कंपनसंख्या ठरलेली असते, तिच्याशी जुळणारा प्रकाश टाकला की तोच बंध हलेल आणि तुटेल. अडचण अशी निघाली की एका बंधाला दिलेली ऊर्जा बहुतेक रेणूंत काही लाख-कोटीव्या सेकंदाच्या आतबाहेर साऱ्या रेणूभर पसरते, आणि मग जो बंध मुळात कमकुवत तोच तुटतो. अपवाद आहेत. एका बाजूला साधा आणि दुसऱ्या बाजूला जड हायड्रोजन असलेल्या पाण्यात नव्वदच्या दशकाच्या सुमारास हवा तो बंध निवडून तोडून दाखवला गेला. पण तो तीनच अणूंचा रेणू होता.

फेम्टोसेकंद स्पंद ऊर्जा पसरण्याच्या आत काम उरकतात, म्हणून आशा पुन्हा जागी झाली. जडसन आणि रॅबिट्झ यांनी १९९२ साली सुचवले, की स्पंदाचा आकार आपण ठरवू नये, प्रयोगालाच शिकू द्यावा. संगणक स्पंदाच्या रंगांचा क्रम बदलत राहतो, बाहेर आलेले तुकडे मोजतो आणि हवा तो तुकडा ज्याने वाढतो तो आकार पुढे नेतो. १९९८ साली जर्मनीत गेर्बर यांच्या गटाने लोहाच्या एका सेंद्रिय संयुगावर हे करून दाखवले, आणि दोन वेगळ्या तुकड्यांचे प्रमाण मनाप्रमाणे बदलता आले. अडचण आहे ती तीव्रतेची : ती जितकी वाढवावी तितके अनेक मार्ग एकदम उघडतात, आणि निवड अवघड होते.

कारखान्यापुरते विचाराल तर एक हिशोब करून पाहा. १ मिलिज्यूलच्या स्पंदात ६,२०० लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात. एका रेणूचे इलेक्ट्रॉन काढून त्याला पूर्ण फोडायला १०० इलेक्ट्रॉनव्होल्ट खर्च होतात असे मानू आणि प्रकाशाचा एकही कण वाया जात नाही असेही मानू. प्रत्यक्षात बहुतेक सगळा प्रकाश रेणूंना न शिवता निघून जातो. तरीही एका स्पंदात ६२ लाख कोटी रेणू फुटतील. सेकंदाला हजार स्पंद धरले, तर एक मोल नायट्रोजन, म्हणजे अवघे २८ ग्रॅम, फोडायला लेसर अहोरात्र सुमारे ११२ दिवस चालवावा लागेल.